बाज सुधारायला निघालेली माणसं

आमच्या घरात एक बाज आहे. चार पाय, चार दांड्या आणि अंबाडीची दोरी, एवढंच काय ते तिच्यात आहे. यापेक्षा चांगलं काय करता येईल ते मला आजवर सुचलेलं नाही. मला न सुचण्याचं कुणाला नवल वाटणार नाही, मी चार वर्ग शिकलेली. पण शिकलेल्यांनाही सुचलेलं नाही. त्यांना फक्त ती फेकायचं सुचतं.

सुधारणा करणाऱ्या माणसांचा मला तिटकारा आहे. गेल्या काही वर्षांत ती फार वाढली. आमच्या गल्लीत एकजण हातगाडीवर प्लास्टिकची सुपं घेऊन आला होता. लाल, निळी, पिवळी. धुवायला सोपी, मोडत नाहीत, किडत नाहीत. शेजारणीने घेतलं. बांबूच्या सुपाचं अंग खरबरीत असतं, दाणा त्याला धरून मागे राहतो आणि फोलकट पुढे सरकतं. एवढ्यासाठीच ते सूप आहे. प्लास्टिकवरून दाणे आणि फोलकट दोन्ही सारखेच घसरले, आणि शेजारणीची तुरीची डाळ अंगणभर झाली. आता ती त्या सुपात मिरच्या वाळवते आणि सूप चांगलं आहे म्हणून सांगते. तसंच माठाचं. चांगल्या माठाला भोक पाडून त्याला तोटी बसवायची, मग ती तोटी पाझरते, मग खाली वाटी ठेवायची, मग ती वाटी रिकामी करायला माणूस ठेवायचा. वाकून वाटगाभर पाणी घ्यायला ज्याची कंबर दुखते त्याने तहान तरी कशाला लावून घ्यावी.

बाजेचं तसं नाही. अकोल्याचा उन्हाळा ज्याने काढला त्याला बाज समजावून सांगावी लागत नाही. संध्याकाळी अंगणात पाणी शिंपडायचं आणि बाज बाहेर टाकायची. वरून वारा, खालूनही वारा. उचलायला एका बाईचा एक हात पुरतो. दिवसा भिंतीला उभी करून ठेवली की खोली मोकळी. न्हाणीघर नव्हतं तेव्हा हीच बाज आडवी उभी करून तिच्यावर लुगडं टाकायचो आणि मागे बसून अंघोळ करायचो. तिच्यावर कुरड्या वाळल्या आहेत. दारापर्यंत गाडी यायची नाही तेव्हा तिच्यावरून माझ्या सासूला चौघांनी उचलून दवाखान्यात नेलं आहे आणि त्याच बाजेवर ती चांगली होऊन परत आली आहे. दोरी सैल पडली तर पायथ्याकडे ताणाची दोरी असते, ती ओढून घ्यायची. दोरी कुजली तर नवी विणायची. लाकूड बाभळीचं, ते कुजत नाही. ढेकूण झाले तर उन्हात टाकून वरून उकळतं पाणी. हे सगळं ज्या माणसाने पहिल्यांदा जुळवलं त्याचं नाव कुणाला माहीत नाही. प्लास्टिकच्या सुपावर मात्र कंपनीचं नाव ठळक छापलेलं असतं.

आणि बाळंतिणीसाठी तर बाजेसारखं दुसरं काही नाही. आमच्याकडे बाळंतिणीला सव्वा महिना शेक देतात. बाजेखाली शेगडी सरकवायची, निखाऱ्यावर राख पसरलेली, म्हणजे ऊब मंद लागते. ती दोरीच्या भोकांतून वर येते आणि थेट कंबरेला, पाठीला पोचते. पूर्वी निखाऱ्यावर ओवा आणि शेपा टाकून धूरही करायचे. दवाखान्यातल्या नर्सबाईने सांगितलं की धुराने लेकराची छाती भरते, धूर करू नका. तिचं बोलणं मला पटलं, मी धूर बंद केला. शेक देताना लेकरू दुसऱ्या खोलीत ठेवत असे आणि दार उघडं ठेवत असे. मी सुधारणेच्या विरुद्ध नाही. पण कुणी काही बदलायला सांगितलं तर त्याने कारण सांगावं, आणि ते कारण खरं असावं.

माझ्या विहीणबाईंनी कारण सांगितलं होतं. ते कारण असं की लोक काय म्हणतील.

माझी लेक अमरावतीला दिली आहे. जावई बडनेऱ्याला रेल्वेत आहे. व्याही सरकारी कचेरीतून निवृत्त झाले, कॉलनीत त्यांचं दोन मजली घर आहे. आम्ही एकाच समाजाचे, एकाच विहारात लग्न लागलं, पण त्यांचं घर दोन पिढ्यांपूर्वी नोकरीला लागलं आणि आमचं अजून लागायचं आहे. माझा नवरा कापसाच्या एका जिनिंगमध्ये चौकीदार आहे. हे विहीणबाई कधी बोलून दाखवत नाहीत. त्या खुर्चीत बसण्याआधी खुर्चीवरून रुमाल फिरवतात, तेवढ्यात सगळं बोलणं होऊन जातं.

लग्न झाल्यापासून लेक माहेरी आली की परतीचं तिकीट काढूनच यायची. एक मुक्काम, फार तर दोन, आणि त्यातही अर्धा वेळ सासूचा फोन. मी तिला काही म्हणायची नाही. मला चारचौघांत बोलता येत नाही आणि पोटच्या पोरीलाही मोकळं विचारता येत नाही. पण पहिलं बाळंतपण माहेरी होतं, हा रिवाज आहे. त्या सव्वा महिन्यात ती माझ्याकडे राहणार होती. रिवाजाने मला दिलेली तेवढीच एक गोष्ट होती आणि दिवस गेल्याचं कळल्यापासून मी तिचीच वाट पाहत होते.

सातव्या महिन्यात डोहाळजेवणाला विहीणबाई आमच्याकडे आल्या. जेवण झालं, भांडी आवरायला थांबलेली शेजारीण सोडून बाकीच्या बायका गेल्या, मग त्यांची नजर भिंतीला उभ्या केलेल्या बाजेवर गेली.

"ही खाट इथेच असते का?"

"बाज आहे जी ते," माझा नवरा म्हणाला.

"तेच ते. बाळंतीण कशावर झोपेल?"

"बाजीवरच. तिची माय याच बाजीवर बाळंतीण होती. हे पोरगीच याच बाजीवर वाढली नं."

"व्याहीबुवा, काळ बदलला," विहीणबाई म्हणाल्या. "माझी सून दोरीवर झोपते म्हटलं तर आमच्या कॉलनीत लोक काय म्हणतील? उद्या कुणी भेटायला आलं, फोटो काढला, तर? सोय नसेल तर तसं सांगा. संकोच करू नका. बाळंतपण आम्ही अमरावतीलाच करू. आमच्याकडे बॉक्सचा पलंग आहे."

मी चहाचे कप घेऊन दारात उभी होते. माझ्या मनात पुष्कळ बोलणं आलं. या बाईचा जन्म अचलपूरकडच्या एका खेड्यातला. त्यांच्या माहेरी एक बाज पुरत नव्हती म्हणून बहिणी पाळीपाळीने झोपायच्या, हे मला त्यांच्याच चुलत बहिणीने लग्नात सांगितलं होतं. आज त्या बाजेला खाट म्हणतात, तेही असं म्हणतात की जणू हा प्राणी त्या पहिल्यांदाच पाहत आहेत. मी कप ठेवले आणि आत गेले.

त्या गेल्यावर मी नवऱ्याला म्हटलं, "तुमी काहून काही बोलले नाही?"

"तू काहून नाही बोलली?"

"मले बोलता येत नाही."

"मंग मले कुठं येते?" तो म्हणाला. आणि दुसऱ्या दिवशी जाऊन कॉट घेऊन आला.

कॉट म्हणजे लोखंडी पाइपाची चौकट, मधून दुमडणारी, तिच्यावर नायलॉनच्या गुलाबी-हिरव्या पट्ट्या विणलेल्या, आणि वर ठेवायला चार बोटं जाडीची फोमची गादी. दुकानदाराने नवऱ्याला सांगितलं होतं की आता सगळ्या घरांत हेच असतं. आमचा माणूस एवढ्यावर विकत घेतो. सगळ्या घरांत काय असतं हे ऐकलं की त्याला आपल्या घरात काय आहे ते दिसत नाही.

तिच्यात एकही गोष्ट धड नव्हती. मधला जोड नेमका माणसाच्या कंबरेखाली येतो, म्हणजे जिथे आराम पाहिजे तिथेच लोखंड. नवरा पहिल्याच दिवशी चपलेचा पट्टा लावायला तिच्या टोकावर बसला तर दुसरं टोक वर उठलं आणि कॉट त्याच्या अंगावर मिटायला लागली. "नवी आहे, बसंन हळूहळू," तो म्हणाला. हलवायला दोन माणसं लागतात. कूस बदलली की करकर वाजते, त्या आवाजाला मेलेला माणूस जागा होईल, मग तान्ह्या लेकराचं काय. गादी उन्हाळ्यात घामाने भिजते आणि वाळत नाही. दुमडता येते हा तिचा मोठा गुण सांगतात. बाज दुमडावी लागतच नाही, भिंतीला उभी राहते. जी अडचण नव्हती ती दूर करण्यासाठी त्या माणसाने कंबरेखाली लोखंड घातलं.

लेक बाळंत झाली ऐन उन्हाळ्यात, सरकारी दवाखान्यात. मुलगी झाली. दोघी सुखरूप घरी आल्या. त्या दिवसापासून रोज सकाळी विहीणबाईंचा चेहरा फोनवर यायला लागला.

"कॉटवरच आहेस ना?"

"हो आई."

"दाखव बघू."

लेक फोन फिरवून कॉट दाखवायची. गुलाबी चादर, भिंत, कूलर.

"शेक घेतेस ना? नीट घे. खालून शेगडी पाहिजे. आमच्या वेळी सव्वा महिना शेक घेतला म्हणून माझी कंबर अजून शाबूत आहे."

हे ऐकून मी आत चुलीपाशी तोंडात पदर धरायची. शेकही पाहिजे आणि कॉटही पाहिजे. चार बोटं फोमला खालून शेगडी लावली तर फोमची कंबर शेकली जाईल, बाळंतिणीची नाही. ही साधी गोष्ट दोन मजली घरात राहणाऱ्या बाईला दिसत नव्हती. खरं तर दिसत असणार. पण दोन्ही गोष्टी सांगायला चांगल्या वाटत होत्या.

पहिल्या दिवशी लेकीने कॉटवर पडून पाहिलं. दुपारी तिनेच मला हाक मारली. "माय, बाज आत आण वो. या लोखंडानं माही पाठ गेली."

मी बाज आणून कॉटच्या शेजारी टाकली. लेक दिवसभर बाजेवर असायची. सकाळी ऊन चढण्याआधी मी तिला शेक द्यायची. फोन वाजला की ती उठून शेजारच्या कॉटवर सरकायची आणि मला डोळा मारून म्हणायची, "चाल माय, मी ड्युटीवर चालली." फोन ठेवला की परत बाजेवर. आम्ही दोघी खूप हसायचो. एवढी हसलेली ती मला लग्नाआधीही आठवत नाही. हळूहळू ती बोलायला लागली, सासरचं, नवऱ्याचं, दवाखान्यात घाबरली होती त्याचं. मी काही विचारत नसे, तिची पाठ चोळत असे. पाठ चोळताना माणूस समोर नसतं, त्यामुळे मलाही ऐकायला सोपं जायचं.

नाव ठेवण्याच्या आदल्या दिवशी विहीणबाई आल्या. दुपारी येणार होत्या, पण पहाटेची एसटी धरून सकाळीच दारात उभ्या राहिल्या. लेक बाजेवर आडवी होती, शेगडी मी नुकतीच पेटवली होती. शेजारी कॉट, तिच्यावर लेकराची धुतलेली दुपटी.

"हे काय चाललंय?"

लेक उठून बसली. "आई, शेक घ्यायले आली होती बाजीवर. कॉटवर लागत नाही."

"का नाही लागत? गादी काढली की लागतो. माणसानं डोकं वापरावं." त्यांनी पिशवी खाली ठेवली, दुपटी माझ्या हातात दिली आणि गादी ओढून जमिनीवर टाकली. "ये, झोप इथे. विहीणबाई, शेगडी आणा."

मी म्हटलं, "इहीनबाई, त्या पट्ट्या… विस्तवाले…"

माझा आवाज मलाच नीट ऐकू आला नाही. त्या म्हणाल्या, "तुम्ही फक्त शेगडी आणा."

मी शेगडी आणली. लेक उठायला लागली होती, सासूने सांगितलं की उठायची तिला सवय झालेली. मी तिच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं आणि म्हटलं, "पोरगी याच्यावर नाही झोपणार."

हे माझ्या तोंडून निघालं आणि नीट मोठ्याने निघालं. विहीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. लग्नाला दोन वर्षं झाली, त्यांनी माझं एवढं लांब वाक्य पहिल्यांदाच ऐकलं असेल.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी झोपून दाखवते. मग तर खात्री पटेल?"

मी पुन्हा म्हटलं की पट्ट्या जळतील. त्यांनी शेगडीत पाहिलं. "ही काय शेगडी? नुसती राखच." चिमट्याने सगळी राख बाजूला सारली, निखारे लाल करून वर आणले, शेगडी स्वतःच्या हाताने कॉटखाली सरकवली आणि त्या पट्ट्यांवर आडव्या झाल्या. हात पोटावर ठेवून डोळे मिटले.

"बघा. कसा छान लागतो. गादी काढायचं कुणाला सुचलं नाही."

थोडा वेळ खरंच छान लागला असावा. मग वास आला.

"काय जळून राहिलं?" माझ्या नवऱ्याने बाहेरून विचारलं.

पहिली पट्टी आवाज न करता लांबली. दुसरी टुक करून तुटली. मी शेगडीची कड पदराने धरून ती बाहेर ओढली, तेवढ्यात बाकीच्या पट्ट्या एकामागून एक सुटत गेल्या आणि विहीणबाई हळूहळू खाली जायला लागल्या. पाय वर, मान वर, आणि मधला सगळा ऐवज जमिनीवर.

"ओ माय वं, धरा मले, धरा कोनी!"

अमरावतीच्या कॉलनीतलं मराठी क्षणात अचलपूरला पोचलं. माझा नवरा धावत आला आणि दारातच थांबला. व्याह्याने विहिणीला हात लावायचा नसतो, हे त्याला लहानपणापासून माहीत. तो तिथूनच वाकून विचारत होता, "इहीनबाई, हात देऊ काय? का हिले सांगू?" लेकीला हसू आवरेना, हसताना टाके दुखायला लागले, तर एका हाताने पोट दाबून ती हसत होती. शेवटी मीच काखेत हात घालून त्यांना उठवलं. कुठे भाजलं नव्हतं. साडीच्या काठाला नायलॉनचे हिरवे मणी चिकटले होते, ते मी नंतर नखाने काढले.

मला वाटलं होतं, आता या गप्प बसतील. मी माणसं ओळखायला चुकले. उठल्याबरोबर त्यांनी साडी झटकली आणि त्यांचं मराठीही जागेवर आलं.

"कुठल्या दुकानातून आणली ही? स्वस्तातली पाहून आणली असेल. नशीब माझं मी झोपले, सून झोपली असती म्हणजे?" मग उघड्या दारातून पलीकडच्या खोलीतल्या लेकराकडे पाहिलं. "अशा घरात माझी नात मी ठेवणार नाही. उद्या नाव ठेवलं की दोघींना घेऊन जाते. गाडी सांगून ठेवते."

आणि खरंच फोन काढून त्यांनी गाडी सांगितली.

मी स्वयंपाकघरात गेले. सव्वा महिन्यातले दहा-बारा दिवस झाले होते, बाकीचे त्यांनी एका फोनवर काढून घेतले. आधी बाज होती म्हणून त्या लेकीला नेणार होत्या, आता कॉट होती म्हणून नेणार होत्या. त्यांच्याशी भांडण करायचं म्हटलं असतं तरी कशावरून करायचं ते कळलं नसतं. नवरा मागे आला आणि हळू आवाजात म्हणाला, "जाऊ दे. मोठी मानसं आहेत. त्याईच्याकडे सोय आहे."

मी त्याला म्हटलं, "तुमी जाऊन त्या कॉटवर झोपा." दुसरं काही मला सुचलं नाही.

दुसऱ्या दिवशी नाव ठेवलं. घरातच वंदना झाली, विहारातले लोक आले, जावई आला, लेकराला मांडीवर घेऊन घाबरून बसला. सगळे जेवले. विहीणबाई आल्यागेल्याला सांगत होत्या की उन्हं फार आहेत, आमच्याकडे एसी आहे, म्हणून दोघींना नेत आहोत. आमच्या गल्लीतल्या बायका हो हो करत होत्या. त्यांच्यापैकी एकीलाही असं वाटलं नाही की पोरीच्या आईला काय वाटतं ते विचारावं. मी वाढत होते. वाढणाऱ्या बाईला काही वाटतं असं कुणाला वाटत नाही.

लोक गेल्यावर विहीणबाई आतल्या खोलीत गेल्या. "चल, कपडे भर. गाडी येईल आता."

लेक बाजेवर बसून लेकराला पाजत होती. मान वर न करता म्हणाली, "मी नाही येत."

"म्हणजे?"

"सव्वा महिना झाला की येतो. त्याच्या आधी नाही येत, आई."

"अगं, तुझ्या नवऱ्याला विचार."

"त्याईले विचारलं काल फोनवर. राहा म्हणे."

जावई बाहेर चपला शोधत होता, तो आणखी वेळ चपला शोधत राहिला.

"इथे राहून झोपशील कशावर? कॉट तर मोडली."

"याच्यावर," लेक म्हणाली आणि बाजेवर हात ठेवला.

मी दाराच्या आड उभी होते. तिला बोलायला मी शिकवलं नव्हतं, ते तिने कुठून आणलं मला माहीत नाही. आता विहीणबाई जोरात बोलतील, जावयाला आत बोलावतील, असं मला वाटलं. त्यांनी खाली वाकून बाजेची दोरी तळहाताने दाबली. एकदा मधे, एकदा कडेला, मग पायथ्याशी. ज्याने कधी बाज पाहिली नाही तो मधेच दाबतो. यांनी पायथ्याशी दाबली.

"ही? ही तर पार झोळ झाली. बाळंतिणीले अशी बाज देतेत काय कोनी? कंबर मोडंन तिची." मग लेकीला म्हणाल्या, "उठ. लेकरू तुझ्या मायजवळ दे."

मी आत जाऊन लेकराला घेतलं. विहीणबाईंनी पदर कंबरेला खोचला, बांगड्या कोपरापर्यंत वर सारल्या आणि पायथ्याच्या दोरीची गाठ दोन बोटांनी सोडली. माझा नवरा तीच गाठ सोडायला दात लावतो. मग त्यांनी दांडीला पाय रेटला, दोरी पंजाला गुंडाळली आणि मागे झुकून एकेक पदर ओढत गेल्या, या टोकापासून त्या टोकापर्यंत. कुठे थांबल्या नाहीत, कुठे चुकल्या नाहीत. गाठ मारली. वरून तळहाताची थाप मारली तशी बाज ढोलकीसारखी वाजली.

"आता झोप," त्या म्हणाल्या.

एवढंच. नेण्याचं बोलणं त्यांनी पुन्हा काढलं नाही. दोरी ताणली तेव्हाच त्यांनी लेकीला राहू दिलं होतं, फक्त तसं तोंडाने म्हणायचं त्यांना जमत नव्हतं. मला बरं वाटायला पाहिजे होतं आणि वाटलंही. पण त्याच्या आधी राग आला. ज्याला माहीत नाही त्याच्यावर काय रागवायचं, शेजारणीला सूप कळलं नाही, नाही कळलं. या बाईच्या हातांना सगळं माहीत होतं. बाज काय असते, कशी ताणतात, बाळंतिणीला किती घट्ट पाहिजे, आणि निखाऱ्यावर राख कशाला असते हेही माहीत असणारच. एवढं सगळं हातात असताना त्या माझ्या घरात उभ्या राहून खाट म्हणाल्या. मी त्यांना मूर्ख समजत होते, तेव्हा त्यांच्याबद्दल माझं मत पुष्कळ चांगलं होतं.

गाडी आली. शेजारीण दारात उभी होती, तिला सगळं ऐकायचं होतं. विहीणबाई गाडीत बसता बसता थांबल्या.

"सुनेला इथेच ठेवतेय सव्वा महिना," त्या तिला म्हणाल्या. "बाळंतिणीला बाजच पाहिजे. मी यांना पहिल्यापासून सांगत होते. पण आजकाल लोकांना कॉटची हौस."

शेजारीण माझ्याकडे पाहायला लागली. डोहाळजेवणाला ती तिथेच होती, कॉट आली तेव्हा उतरवायला हात लावायलाही तीच होती.

"हो," मी म्हटलं. "त्याईनंच सांगतलं."

विहीणबाईंनी मान हलवली, जशी आपलं बरोबर निघाल्यावर हलवतात. जावई पुढे बसला. गाडी वळेपर्यंत माझा नवरा हात जोडून उभा होता. मग म्हणाला, "बाई मोठ्या मनाची आहे."

आत लेकरू जागं झालं होतं आणि लेक मला हाका मारत होती, मी दार लोटून आत गेले.